पाणी किती झालंय?

नोव्हेंबर १९२९, सांगली

डोळे उघडता तेव्हा कोवळं ऊन पडलेलं आहे. तुम्ही कृष्णेच्या काठावर आहात. पावसाळा सरला, नदी पात्रात परत गेली आणि मागे सोडलेल्या गाळावर मळीच्या रानांतून वांग्यांची रोपं तरारली आहेत. समोर नवा कोरा दगडी पूल आहे. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत तो उभा राहिला आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावानं ओळखला जाणार आहे. पलीकडच्या तीरावर सांगलीवाडी. आता भर पावसाळ्यातही तिकडे जायला नावाड्याची वाट बघावी लागणार नाही.

लोक कमानींकडे बघताहेत, तुम्ही मात्र खांबांकडे. ते अजून कोरे आहेत. पुढे इथे फुटांच्या खुणा होतील आणि त्यातले दोन आकडे सांगलीच्या पोरासोरांनाही पाठ असतील. चाळीस म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी.

शेजारी पागोटं बांधलेले एक आजोबा येऊन थांबतात. "पावणं, कुठनं आलासा?" तुम्ही हातानंच लांबची खूण करता. ते हसतात आणि न विचारता सांगू लागतात. पाणी घाटाच्या कुठल्या पायरीला लागलं की गुरं सोडायची, कुठल्या पायरीला धान्याची पोती माळ्यावर चढवायची, आणि कुठल्या पायरीनंतर घराला कुलूप घालून देवळाकडच्या उंचवट्यावर जायचं. मोजपट्टी नाही, तार नाही. पायरी आणि तिच्यावरून आखलेला वेळ, एवढंच त्यांच्याकडे आहे.

तुम्ही मुंबईत किंवा कोकणात वाढला असाल, तर वादळ म्हटल्यावर तुम्हाला समुद्र आठवतो, उन्मळलेली नारळाची झाडं आणि उडालेले पत्रे आठवतात. इथे वादळ तसं येत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते अरबी समुद्रावरचे मोसमी वारे जोरानं ओढून घेतं, आणि ते वारे सह्याद्रीला धडकून महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथे रात्रंदिवस कोसळतात. सांगलीत त्या वेळी नुसती भुरभुर असेल, कदाचित ऊनही असेल. मग साधारण एखाद्या दिवसानं ते वादळ नदीच्या रूपानं गावात शिरतं. सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग ते अंगावर घेतो आणि सांगलीला ते उंबऱ्यावर भेटतं. या दोन्हींच्या मधे जो वेळ सापडतो, त्यावर इथली माणसं जगतात. तो वेळ कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, हे बघायला तुम्ही निघाला आहात.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार, कोयनानगर

थंडी बोचते आहे. आकाश निरभ्र, चांदण्या लख्ख. वस्तीतल्या घरांची दारं बंद आहेत आणि आत माणसं गोधड्यांत गुरफटून झोपली आहेत. वर कोयना धरणाच्या शिवाजीसागराचं पाणी काळंभोर, स्तब्ध. १०३ मीटर उंचीचं हे धरण बांधून होऊन चारच वर्षं झाली आहेत. त्याच्या विजेवर मुंबईचे कारखाने चालतात. या खोऱ्याला त्याचा अभिमान आहे, आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या मनात त्याची सलही आहे.

तुमच्या घड्याळात चार वाजून अठरा मिनिटं झाली आहेत. तीन मिनिटांनी काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पहिल्या दारावर थाप मारता. "काका, बाहेर या! पोरांना घेऊन बाहेर या!" आतून झोपेतला आवाज येतो, "कोण हाय रं?" कोण म्हणून सांगणार? कशावरून सांगणार? ढग नाहीत, वारा नाही, नदी आपल्या पात्रात आहे. ज्या धोक्याला खूण नाही, त्याची हाक कुणी ऐकून घेत नाही.

चार वाजून एकवीस मिनिटांनी आधी जमिनीखालून गडगडाट येतो आणि मग पायाखालची भुई सरकते. दगडमातीच्या भिंती आतल्या बाजूला बसतात. धूळ इतकी दाट की चांदण्या दिसेनाशा होतात. मग हाका सुरू होतात. नावानं मारलेल्या हाका. माणसं हातांनी दगड उपसू लागतात, तुम्हीही त्यांच्यात वाकता. उजाडेपर्यंत कंदिलाच्या उजेडात हेच चालतं.

साडेसहा रिश्टरच्या जवळ जाणाऱ्या त्या धक्क्यानं सुमारे १८० माणसं गेली. धक्के पुण्या-मुंबईपर्यंत जाणवले. धरणाच्या वरच्या भागात भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. खाली कऱ्हाड, तिथून खाली वाळवा, भिलवडी, सांगली. ते उभं राहिलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या सकाळी धरणाच्या खाली राहणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आणणारा होता. धरणाला नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचा आधार देऊन बळकट केलं गेलं. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो, याचं उदाहरण म्हणून जगभरचे भूशास्त्रज्ञ कोयनेचं नाव घेऊ लागले. पुढे या भागात सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाचा अभ्यास झाला आणि त्यासाठीची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ उभी राहिली.

आजही इथल्या पाटण तालुक्यात भांडी खणखणली की लोक क्षणभर थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. ही माणसं धीट आहेत म्हणून नव्हे, तर दुसरं काही करता येत नाही म्हणून. या धोक्याला इशारा पातळी नाही. इथे वेळ शून्य आहे, आणि म्हणून घर कसं बांधलं आहे यावरच सारं ठरतं. पहाटे चारच्या हाकेनं जे साधत नाही ते भिंतीतल्या लोखंडानं साधतं. ते काम मात्र भूकंपाच्या कितीतरी वर्षं आधी झालेलं असावं लागतं.

ऑगस्ट २००५, हरिपूर

आता पाऊस आहे. मुंबई बुडाल्याच्या बातम्या अजून ताज्या आहेत, आणि त्याच पावसानं कृष्णेचं खोरंही भरलं आहे. तुम्ही सांगलीच्या खाली हरिपुरात आला आहात. इथे कृष्णेला वारणा मिळते. संगमेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या केव्हाच दिसेनाशा झाल्या आहेत.

पण गावाची नजर पाण्याइतकीच जमिनीकडे आहे. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या रानांत जमिनीखाली हळदीची पेवं आहेत. वरून अरुंद तोंड, आत ऐसपैस पोट. त्यात हळद ओतून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकते, तिला कीड लागत नाही. सांगलीची हळदीची पेठ अशा शेकडो पेवांच्या जोरावर मोठी झाली. इथली माती अशी घट्ट की पावसाळ्यात आत थेंब झिरपत नाही. ही माती पिढ्यान् पिढ्या शब्दाला जागली होती.

"तात्या, पेव उपसायचं का?" एक तरुण विचारतो. तात्या कंबरेवर हात ठेवून पाण्याकडे बघताहेत. पोती किती, माणसं किती, बैलगाड्या किती, याचा हिशोब मनातल्या मनात चालला आहे. "एवढं वर न्यायचं कुठं?" ते म्हणतात. "आणि पाऊस थांबल्याशिवाय उघडायचं कसं?"

तुमच्या लक्षात येतं की इथे वेळ आहे. पाणी कोयनेतून सुटलं, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला भिडली, तिथून पाणी इकडे निघालं, हे सगळ्यांना कळलं आहे. रिक्षावर भोंगा लावून पुकारा चालू आहे. पण वेळ असला तरी तो खर्च करायला माणसं लागतात, वाहनं लागतात, कोरडी जागा लागते. तात्यांकडे त्यातलं काहीच पुरेसं नाही.

आयर्विन पुलापाशी पाणी जवळजवळ ५४ फुटांवर गेलं. जमिनीवरून आलेलं पाणी पेवांच्या तोंडातून आत उतरलं. ओसरल्यावर लोकांनी झाकणं काढली तेव्हा आत हळद नव्हती, पिवळा चिखल होता. पिढ्यांची ही साठवणीची रीत त्या एका पुरानं मोडली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी शीतगृहांची वाट धरली आणि पेवं मागे पडत गेली.

जाताना तुम्ही भिंतींवरच्या खुणा बघून ठेवा. चिखलाची आडवी रेघ. कुणी तिच्याशेजारी खडूनं तारीख लिहिली आहे. पुढच्या थांब्यावर या रेघा तुम्हाला पुन्हा भेटणार आहेत.

७ ऑगस्ट २०१९, सांगली, गावभाग

जिन्याच्या सातव्या पायरीवर तुम्ही बसला आहात. सहावी पाण्यात आहे. वीज दोन दिवसांपासून नाही. मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून घरातला एकच फोन चालू आहे आणि तो दर तासाला एका प्रश्नासाठी उघडतो : पाणी किती झालंय? उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं छप्पन्न, कुणी म्हणतं उतरायला लागलं, कुणी म्हणतं अजून एक लाख क्युसेक सोडलेत. खरं कुठलं आणि अफवा कुठली, हे कळायला फोनमधे काही उपाय नाही.

"आज्जी, परवा बोट आलेली तेव्हा का नाही गेलात?" तुम्ही विचारता.

आज्जी भिंतीकडे बोट दाखवतात. तिथे रंगाखाली दबलेली जुनी रेघ आहे. "दोन हजार पाचला पाणी हितं थांबलेलं. म्हटलं, त्याच्या वर कसं येईल?"

आज्जींनी वेळ वाया घालवला नाही. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरात पाणी शिरल्याचं कळताच त्यांनी सामान माळ्यावर चढवलं, टाकी भरून घेतली, औषधं पिशवीत घातली. पण हे सगळं त्यांनी जुन्या रेघेच्या भरवशावर केलं. या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे २००५ पेक्षा जवळपास चार फूट जास्त. ज्या घरांना गेल्या वेळी पाणी लागलं नव्हतं, तिथली माणसं तर सामानही न हलवता बसली होती. अनुभव हा इथला सर्वांत मोठा गुरू, आणि त्या आठवड्यात त्यानंच हजारो घरांना दगा दिला. भिंतीवरची रेघ मागच्या पुराची उंची सांगते. पुढच्या पुराला ती बांधून ठेवत नाही.

जिन्यातून बाहेर बघा. मारुती चौकात दुकानांच्या पाट्या तेवढ्या वर आहेत. रबरी बोट जाते, तिच्यात जवान आहेत. मागून गावातली पोरं येतात, गुळाच्या गुऱ्हाळातली मोठी काहील घेऊन. उसाचा रस आटवायची ती पसरट कढई आता तरंगते आहे, आत एक बाळंतीण आणि तिचं तान्हं. सरकारी बोटी पोहोचायच्या आधी या काहिलींनी आणि ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबांनी किती जणांना तारलं, त्याची मोजदाद कुठल्याच वहीत नाही.

आणि याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आटपाडी आणि जतमधे, याच वर्षी जनावरांच्या छावण्या होत्या. तिथल्या माणसाला टँकरची वाट बघावी लागत होती. दोन्ही संकटं एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी.

८ ऑगस्ट २०१९, ब्रह्मनाळ

इथे थांबणं जड जाईल, तरी थांबा.

पलूस तालुक्यातलं हे गाव कृष्णा आणि येरळेच्या संगमावर आहे. चारी बाजूंनी पाणी आहे. गावकरी आपल्या जवळच्या बोटीतून माणसं बाहेर काढताहेत. काठावर लोक खोळंबले आहेत. बायका लेकरांना कडेवर घेऊन उभ्या आहेत, कुणाच्या हातात कागदपत्रांची पिशवी. गुरांना सोडून जायचं म्हणून एक म्हातारा अजून गोठ्याकडे वळून वळून बघतो.

पुढच्या बोटीची खात्री कुणालाच नाही. म्हणून आलेल्या बोटीत सगळेच बसू पाहतात. तुम्ही "थोडे थांबा" म्हणाल, पण कुणाच्या लेकीला थांबवाल? कुणाच्या आईला?

बोट पाण्यात उलटली. १७ जण गेले, त्यात बायका आणि मुलं बरीच. पाणी येणार हे त्या गावाला ठाऊक होतं. वाचवणारे हातही गावाचेच होते. कमी पडल्या त्या बोटी, अंगावर चढवायची जॅकेटं, आणि आदल्या दिवशीच गाव रिकामं करण्याचा निर्णय. हातात आलेला वेळ शेवटच्या घटकेपर्यंत राहू दिला की काय होतं, ते इथे समजतं. शेवटच्या घटकेला माणूस निवड करत नाही, समोर जे येईल ते धरतो.

दिवाळी २०१९, कवठेमहांकाळ

पूर ओसरून अडीच महिने झाले. तुम्ही कृष्णेपासून लांब, पूर्वेकडच्या कोरड्या भागात आला आहात. सभोवार द्राक्षबागा. फळछाटणी होऊन गेली आहे. वेलींवर कुठे पोंगा आहे, कुठे नुकते घड बाहेर पडताहेत. वर्षाचं पीक या पंधरा-वीस दिवसांत ठरतं.

आणि शेकडो किलोमीटर लांब, अरबी समुद्रात, क्यार नावाचं महाचक्रीवादळ फिरतं आहे. ते किनाऱ्यावर येणार नाही, ओमानच्या दिशेनं जाऊन समुद्रातच विरेल. दूरदर्शनवरच्या नकाशात ते महाराष्ट्रापासून दूर जाताना दिसतं. पण इथे आभाळ निवळत नाही. पाऊस थांबतो, पुन्हा येतो. पानांवर ओल राहते आणि ओल राहिली की डाऊनी हा रोग येतो.

आकाशकंदिलाच्या उजेडात घरातली वहिनी पणत्या लावते आहे आणि दादा बागेत ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवताहेत. पाऊस उघडला की फवारणी, पुन्हा सर आली की सगळं औषध धुऊन जातं, पुन्हा फवारणी. "घड जिरले," दादा वेल वर करून दाखवतात. जिथे घड असायला हवा तिथे वेलीचा नुसता तणावा आहे. काही बागांत घडकूज सुरू झाली आहे. जिथे ट्रॅक्टर रुततो तिथे पाठीवर पंप घेऊन जावं लागतं.

त्यांना अंदाज चार दिवस आधी कळला होता. मोबाइलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त बारकाईनं बघितले आहेत. पण छाटणी झालेली बाग उचलून घरात नेता येत नाही. वर प्लॅस्टिकचं आच्छादन घालायचं तर एकरी खर्च छोट्या बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचा. हेच उन्हाळ्यात बेदाण्याचं. रॅकवर माल वाळत पडलेला, आणि वळवाच्या वादळी वाऱ्यानं शेडच्या ताडपत्र्या फाटून जातात. इथला धडा हरिपूरच्या तात्यांसारखाच आहे. नुसती बातमी पोहोचवून भागत नाही. तिच्यावर काही करता येईल एवढी ताकद माणसाच्या हातात असावी लागते, नाहीतर चार दिवस आधी कळणं म्हणजे चार दिवस जास्त काळजी करणं.

२२ जुलै २०२१, रात्र, पाटण

पत्र्यावर पाऊस पडतो आहे असं म्हणणं खोटं ठरेल. पत्रा आहे की नाही हेही ऐकू येत नाही. महाबळेश्वरला या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद होणार आहे. सांगलीत सबंध वर्षात साधारण जेवढा पाऊस पडतो, तेवढा एका दिवसात.

तुम्ही डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीत आहात. वीज गेली आहे. फोनला रेंज नाही. खालचा ओढा रस्त्यावरून वाहतो आहे. घरातली माणसं जेवून बसली आहेत, झोप कुणालाच नाही. "असला पाऊस बघितला नव्हता," मामा म्हणतात. एवढंच. पुलाच्या खांबावर जशा खुणा आहेत तशा या डोंगरावर कुठेच नाहीत. मातीत किती पाणी मुरलं, किती मुरल्यावर ती सुटते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि अंधारात, या पावसात, लेकराबाळांना घेऊन जायचं कुठे, हेही आधी ठरलेलं नाही.

त्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. घरं माणसांसकट चिखलात गेली. कोकणात महाडजवळ तळिये गाव याच पावसानं गाडलं. आंबेघरचा रस्ता तुटला होता, त्यामुळे मदत करणाऱ्या पथकांनाही पोहोचायला फार उशीर झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाड्यांतली माणसं आधी आली, फावडी आणि कुदळी घेऊन.

तेच पाणी घेऊन नदी सांगलीला गेली. आयर्विन पुलापाशी पातळी ५५ फुटांच्या आसपास पोहोचली, म्हणजे २००५ च्या वर. पण या वेळी सांगली आधीच उठली होती. पस्तीस फूट झाल्यावरच कर्नाळ रोड आणि काकानगरातली कुटुंबं बाहेर पडली, गुरं टेकाडावर गेली, दुकानदारांनी माल हलवला. नुकसान प्रचंड झालं, पण माणसं वाचली. एकच पाऊस होता. नदीकाठाला त्यानं दोन दिवस दिले, डोंगराला एक मिनिटही दिलं नाही.

येणारा जून

आता तुम्ही तुमच्या काळात परत आला आहात. हवामान खात्याचा पहिला अंदाज येऊन गेला आहे.

गेल्या काही वर्षांत बरंच काही झालं. खोऱ्यातल्या पावसाचे आणि पाणीपातळीचे आकडे आपोआप गोळा करणारी यंत्रणा जलसंपदा विभागानं उभी केली. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला. नदीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते का, यावर त्या अहवालानंतरही वाद थांबलेला नाही. कर्नाटकाला अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत न्यायची आहे, म्हणून तो वाद सांगलीकरांच्या दृष्टीनं जीवन-मरणाचा आहे आणि तो आकडेवारीनिशी लढलाच पाहिजे. पण त्या वादाच्या धुरळ्यात आपल्याच गावातली निळी आणि लाल पूररेषा दिसेनाशी होऊ देता कामा नये. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्या रेषांच्या आत आजही भराव पडतात, प्लॉट विकले जातात. तिथे घर घेणाऱ्याला ती रेषा कुठून जाते हे कुणी सांगत नाही.

या प्रवासात तुम्ही जे पाहिलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो. धोका टाळणं आपल्या हातात थोडंच आहे. सह्याद्री इथेच राहणार, मोसमी वारे त्याला धडकणारच, आणि तापलेल्या समुद्रामुळे ते अधिक ओल घेऊन येणार. वेळ मात्र आपण घडवू शकतो. डोंगरावरच्या वाड्यांना तो मिळवून द्यायचा तर प्रत्येक धोकादायक उताराजवळ पर्जन्यमापक हवा, किती पाऊस झाल्यावर वाडी रिकामी करायची तो आकडा आधी जाहीर हवा, आणि जायला शाळेची किंवा मंदिराची ठरलेली, पोहोचता येणारी इमारत हवी. त्याहूनही आधी ज्यांचं पुनर्वसन कबूल केलं आहे त्यांना पक्की घरं हवीत. पाटणच्या माणसाला पाऊस लागला की दरवर्षी जनावरांसारखं तात्पुरत्या निवाऱ्यात नेऊन ठेवणं हे उत्तर नव्हे.

आणि नदीकाठाला जो वेळ मिळतो तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे, वरच्या भागात नातेवाईक आहे, त्याला दोन दिवस मिळतात. एकट्या राहणाऱ्या आज्जींना, भाड्याच्या खोलीतल्या परप्रांतीय मजुराला, चार म्हशींवर पोट असणाऱ्या बाईला त्यातले दोन तासही मिळत नाहीत. म्हशींची सोय केल्याशिवाय ती बाई बोटीत बसणार नाही, हे प्रशासनाला आणि शेजाऱ्याला दोघांनाही ठाऊक असायला हवं.

तेव्हा येत्या जुलैत, कोयनेचे वक्र दरवाजे उघडल्याची बातमी आली की, आधी जुन्या रेघेवर विसंबणं सोडा. तुमच्या गल्लीत कोण जिना चढू शकत नाही, कुणाकडे जनावरं आहेत, कुणाला मराठी वाचता येत नाही, याची यादी आजच, पाऊस नसताना करा. आणि पाणी पस्तीस फुटांवर आलं की त्यांच्या दारात जाऊन सांगा. १९६७ साली कोयनानगरच्या दारावर थाप मारून तुम्हाला काही सांगता आलं नाही, कारण दाखवायला खूण नव्हती. आता खूण आहे, आकडा आहे, आणि निदान एक दिवस हातात आहे. तो दिवस शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणं हे आपलं काम आहे, आणि ते नदी करणार नाही.